पट्टा आणि पत्रा

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहिल्यानंतर तिची किल्ली वडिलांच्या हाती आली, आणि तिच्या चाकांखाली लिंबे ठेवून व कपाळी हळदकुंकू लावून आईने तिला घरात घेतले तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. तिचे पुढचे आसन बाकासारखे एकसलग होते, आणि त्यावर वडिलांच्या डावीकडे बसण्याचा मान माझा असे. रस्त्यात अवचित एखादी सायकल आडवी आली, की ब्रेकवर पाय पडताक्षणीच वडिलांचा डावा हात स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर सोडून माझ्या छातीसमोर आडवा येई. सायकल निघून गेली, की तोच हात काही घडलेच नाही अशा सहजतेने पुन्हा गिअरवर जाई. त्या काळी जे कोणी आपल्या लेकरांना पुढे बसवून फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर चालवीत असत, त्यांतील बहुतेकांना हा हात परिचित असेल, कारण त्या मोटारींत पट्टा नव्हता आणि पट्ट्याचे काम मायेलाच करावे लागत होते.

त्या मायेविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. परंतु तिच्या सामर्थ्याविषयी पदार्थविज्ञानाचा निर्णय निष्ठुर आहे. वीस किलो वजनाचे मूल ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत असेल, आणि ती मोटार कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर तेवढ्याच अंतरात त्या मुलाला थोपविण्यासाठी सुमारे २५० किलोचा भार पेलण्याइतके बळ लागते. माणूस सत्तर किलोचा आणि वेग ताशी ५० किलोमीटरचा धरला, तर हाच आकडा १,३७५ किलोच्या आसपास जातो. ज्यांना आकड्यांतून चित्र दिसत नाही त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळणे हे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्यासारखेच असते. गच्चीच्या कठड्याशी मूल गेले तर आपण धावत जाऊन त्याला मागे ओढतो. मोटारीत मात्र त्याच उंचीवर त्याला विनाकठडा बसवितो, याचे कारण ती उंची आडवी असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, हेच होय.

जुन्या मोटारींत पट्टे नसावेत यात कारखानदारांची लबाडी होती असे नाही. त्या काळाची समजूतच तशी होती, आणि ती बदलण्यास जगाला वेळ लागला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन नव्या मोटारींच्या पुढील दोन आसनांना पट्टे बसविणे कारखानदारांवर बंधनकारक झाले ते १९९४ साली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून तोवर फियाट ११०० आणि तिचाच उत्तरावतार असलेली पद्मिनी यांच्या अनेक पिढ्या रस्त्यावर येऊन चुकल्या होत्या. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जिने अवघ्या शहराचे ओझे वाहिले, त्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेली, तरी घरोघरच्या खासगी पद्मिनी, आणि गोलमटोल बांध्यामुळे ज्यांना मराठी माणसाने प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले त्या जुन्या ११००, अजून जिवंत आहेत. रविवारी सकाळी त्या पुसूनपासून बाहेर काढल्या जातात, मुलानातवंडांना बसवून सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा अलिबागच्या किनाऱ्याशी नेल्या जातात. फरक इतकाच, की त्या ज्या रस्त्यांसाठी जन्मल्या ते रस्ते आता राहिलेले नाहीत. चार पदरी महामार्गावर त्यांच्या मागून येणारे वाहन त्यांच्या दुप्पट वेगाचे आणि दुप्पट वजनाचे असते. अशा मोटारीला आजचा मागे गुंडाळला जाणारा पट्टा कसा बसवावा, आणि मुळात बसवावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

प्रथम पट्ट्याविषयी. आज आपण ज्याला सीट बेल्ट म्हणतो तो तीन ठिकाणी बांधलेला पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो मोटारीसाठी सिद्ध केला. हा गृहस्थ पूर्वी साब कंपनीत विमानांवर काम करीत असे, आणि संकटसमयी वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचा त्याचा अभ्यास होता. मनुष्यदेहाला प्रचंड बळ कोठे सोसते आणि कोठे सोसत नाही, हे त्याला त्या अभ्यासातून ठाऊक झाले होते. ते बळ बरगड्यांचा पिंजरा आणि कमरेचे हाड यांना सोसते. पोटाला मुळीच सोसत नाही. त्याच्या आधीच्या काही पट्ट्यांचे बकल नेमके पोटावर येई, आणि अपघातात जीव वाचविण्यासाठी बांधलेली वस्तूच आतड्यांचा घात करी. बोलिनने एकच पट्टा खांद्यावरून तिरपा छातीवर आणि तेथून कमरेवर आडवा नेला, त्याची दोन्ही टोके आसनाच्या बाजूंना खाली बांधली, आणि बकल कुशीशी, एका हाताने लावता-काढता येईल असे ठेवले. रचना इतकी साधी होती, की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच नवल वाटावे. व्होल्वोने तिचे पेटंट घेतले, परंतु ते जगातील सर्व कारखानदारांना मुक्तपणे वापरू दिले. व्यापाराच्या इतिहासात परोपकाराची जी थोडी उदाहरणे निःसंशय सांगता येतात त्यांत याची गणना करावी लागेल. पुढे १९६७ साली बोलिनने स्वीडनमधील २८,००० अपघातांची छाननी प्रसिद्ध केली. तीत असे दिसून आले, की पट्टा न बांधलेली माणसे सर्व वेगांच्या अपघातांत मेली होती, आणि पट्टा बांधलेल्यांपैकी ताशी ९६ किलोमीटरच्या खालच्या वेगात एकही दगावला नव्हता.

तथापि या पहिल्या पट्ट्यांत एक उणीव होती, आणि ती यंत्राची नसून मनुष्यस्वभावाशी त्याचा मेळ न बसण्याची होती. पट्टा स्थिर लांबीचा असे. तो ज्याच्या त्याच्या अंगाबरहुकूम हाताने ओढून आवळावा लागे, आणि आवळल्यावर पुढे वाकून कप्प्यातील कागद काढता येत नसे की खिडकीबाहेर हात करून टोलचे पैसे देता येत नसत. परिणाम जो व्हायचा तोच झाला: लोक तो सैल बांधू लागले, किंवा आसनावर तसाच पडू देऊ लागले. सैल पट्टा म्हणजे आधी पुढे फेकले जाणे आणि मग पट्ट्यावरच आदळणे. या दुखण्यावर इलाज म्हणून रिळाचा पट्टा आला. गॅरेजातील मंडळी त्याला ‘रीळवाला बेल्ट’ म्हणतात, आणि मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण त्याचे सारे शहाणपण त्या रिळाच्या पोटात दडलेले आहे.

ते शहाणपण मी प्रथम पाहिले ते आमच्या मिस्त्रींच्या ओट्यावर बसून. पद्मिनीला पट्टे बसविण्याचा बेत घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी काही न बोलता एक नवे रीळ माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, “साहेब, हळू ओढा.” मी हळू ओढले; पट्टा रेशमासारखा सरसर बाहेर आला, आणि सोडताच आतल्या स्प्रिंगने तो परत गुंडाळून घेतला. “आता हिसका द्या.” हिसका देताच खट् असा आवाज होऊन पट्टा जागच्या जागी थिजला, दोन्ही हातांनी ओढले तरी तसूभर सरकेना. मग त्यांनी माझ्या हातातील रीळ तिरपे केले आणि म्हणाले, “आता पुन्हा हळू ओढा.” या वेळी हळू ओढूनही पट्टा हलेना. त्या तीन कृतींत त्या यंत्राचा सगळा ग्रंथ सामावलेला होता.

रिळाच्या आत दोन रखवालदार असतात. एकाचे लक्ष मोटारीवर असते: एका लहानशा वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते, किंवा एखादा लंबक टांगलेला असतो, मोटार एकाएकी मंदावली, की गोळी वाटीच्या काठाकडे चढते, तिच्यावर टेकलेली खिटी उचलते, आणि ती खिटी रिळाच्या दातेरी चक्रात अडकून त्याचे फिरणे बंद पाडते. दुसऱ्याचे लक्ष पट्ट्यावर असते: पट्टा ठरावीक त्वरेपेक्षा झटक्याने ओढला गेला, की तो आपणहून कुलूप लावतो. युरोपातील ज्या नियमावलीचा आधार जगभर घेतला जातो तिच्यातील अट अशी, की गुरुत्वाकर्षणाच्या ४५ टक्के इतक्या मंदनाला पहिल्या रखवालदाराने जागे झालेच पाहिजे, आणि कुलूप लागेपर्यंत पट्टा ५ सेंटीमीटरपेक्षा अधिक सुटता कामा नये. तीच नियमावली सांगते, की रीळ १२ अंशांपर्यंत कलले तर त्याने अडू नये आणि २७ अंशांपलीकडे कलले तर अडलेच पाहिजे. घाटात मोटार चढावर असताना पट्टा मोकळा राहतो आणि ती उलटू लागली तर आवळतो, तो या अटीमुळेच. परंतु जुन्या मोटारीच्या मालकासाठी तिच्यात एक इशाराही आहे. रीळ ज्या कोनात बसावे म्हणून घडविले आहे त्याच कोनात ते बसले पाहिजे. पुढच्या दारामागील मध्यखांबाचा पत्रा तिरका आहे म्हणून त्याच्या कलाने रीळ ठोकून दिले, तर पट्टा एक तर कायमचा अडून बसेल, किंवा ज्या क्षणासाठी तो बसविला त्याच क्षणी त्याला जाग येणार नाही. म्हणून रीळ विकत घेताना ते उभे बसवावयाचे आहे की तिरके, याची चौकशी करावी. कोन जुळवून घेता येणारी रिळेही मिळतात.

रीळ पारखून झाल्यावर मी पैशांची बात काढली, तर मिस्त्री उठले, गाडीचा दरवाजा उघडून त्यांनी डावीकडची रबरी चटई बाजूस केली आणि जाड पेचकस घेऊन दाराच्या उंबऱ्यापाशी फरशीला टोचला. तीन ठिकाणी ठण् असा आवाज आला. चौथ्या ठिकाणी पेचकस बिनआवाज आत गेला. “हा पट्टा पंधराशे किलो धरतो साहेब,” ते म्हणाले, “पण पट्ट्याला कोण धरणार? हा पत्रा?”

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते सारे त्या प्रश्नातच आहे. पट्टा ही बाजारातून आणता येणारी वस्तू आहे. त्याचे बंधन मात्र मोटारीतच निर्माण करावे लागते. आपण पट्टा पाहतो, त्याचा रंग पाहतो, बकलची चकाकी पाहतो. अपघाताचा भार अखेरीस जातो तो पाहण्यात कधीच न येणाऱ्या तीन बोल्टांवर आणि त्यांच्याभोवतीच्या तळहाताएवढ्या पत्र्यावर. मोटारीच्या मंजुरीसाठी ही बंधने तपासताना त्यांच्यावर सुमारे १,३७५ किलोचा ताण देऊन पाहतात. आरंभी सत्तर किलोच्या माणसाचा जो हिशेब केला त्याच्याशी हा आकडा किती तंतोतंत जुळतो हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. पद्मिनीला ट्रकसारखी स्वतंत्र चेसिस नाही. तिचा सांगाडा आणि तिचे अंग एकच, पत्र्याच्या घड्यांनी बनलेले आहे. फरशीचा पत्रा जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा. त्याला भोक पाडून नुसता बोल्ट आणि वॉशर लावला, तर अपघातात तो बोल्ट पत्रा फाडून, ओल्या कागदातून टाचणी निघावी तसा निघून येईल.

त्यावरची तजवीज जुनी आणि निश्चित आहे. बंधनाच्या प्रत्येक जागी पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे फरशीच्या बाबतीत खालून, तीनेक मिलीमीटर जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी द्यावी. तिचे कोपरे आणि कडा घासून गोल कराव्यात, नाहीतर ताण आला की तीच पत्र्याला सुरीसारखी कापते. बोल्ट ७/१६ इंच व्यासाचा, इंचाला २० आट्यांचा, आणि खास सीट बेल्टसाठी बनविलेल्या उच्च प्रतीच्या पोलादाचा असावा; जगभरच्या पट्ट्यांना हेच माप चालते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातील जवळपासच्या मापावर समाधान मानू नये. बोल्ट वेल्ड करू नये, कारण आचेने त्याचे पाणी उतरते. खांद्याचे बंधन मध्यखांबावर, बसणाऱ्याच्या खांद्याच्या पातळीवर किंवा थोडे वर असावे. ते खाली गेले, तर पट्टा छातीला धरण्याऐवजी खांद्याला खाली दाबतो आणि तो भार कण्यावर येतो. हा खांब आतून पोकळ असल्यामुळे त्यात नट जोडलेली पट्टी आधी सरकवून मग ती पक्की करावी लागते, आणि ही कामगिरी कसबी डेंटरवरच सोपवावी. कमरेची दोन बंधने आसनाच्या मागे व खाली अशी घ्यावीत, की पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडावर बसेल. तो पोटावर चढला, तर बोलिनने साठहून अधिक वर्षांपूर्वी जो दोष काढून टाकला तोच आपण परत आणला असे होईल. बकलचे टोक मधल्या फुगवट्याच्या बाजूला येते, आणि त्या फुगवट्याखालून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा फिरत असतो. म्हणून ड्रिल हाती घेण्यापूर्वी मोटारीखाली आडवे होऊन तो दांडा, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरिंग कोठून जाते याची खातरजमा स्वतःच्या डोळ्यांनी करावी.

आमच्या पद्मिनीचा उंबरा आणि डावीकडील फरशी अशी हातभर लांबीची पट्टी कापून नवा पत्रा जोडावा लागला. पट्ट्यांचे काम दोन दिवसांचे, त्याआधीचे गंजाचे काम तीन आठवड्यांचे. मुंबईकोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या मोटारींना तर याहून अधिक मुदत लागेल. परंतु ज्याला हा खर्च जड वाटतो त्याने पट्ट्याचाही खर्च करू नये असे मी म्हणेन. गंजक्या पत्र्याला बांधलेला नवा पट्टा हा खोट्या जामिनासारखा असतो, तो असल्याच्या भरवशावर माणूस अधिक बेसावध होतो. त्याच न्यायाने भंगारातून काढलेला पट्टाही वर्ज्य समजावा. एकदा अपघातात ताणलेल्या पट्ट्याचे धागे वरून धड दिसतात आणि आतून संपलेले असतात, आणि तो कोणत्या मोटारीतून निघाला याचा दाखला कोणी देत नाही. नवा पट्टाही मान्यतेची खूण पाहूनच घ्यावा. मागच्या आसनाला विसरू नये. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, त्यात ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता असे पोलिसांनी सांगितले. मोटार उत्तम होती, पट्टा हाताशी होता. मागे सुटा बसलेला माणूस आपला जीव धोक्यात घालतो एवढेच नव्हे, तर पुढच्या पट्टा बांधलेल्या माणसावरही आपले सगळे वजन फेकतो.

कायद्याची बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब अन्वये पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. परंतु जी मोटार मुळातच पट्ट्याविना जन्मली तिच्या मालकाने दंडाच्या भयाने नव्हे, तर जाणतेपणाने हे काम करावे. मात्र त्याच कायद्याचे कलम ५२ मोटारीत परस्पर फेरफार करण्यास मना करते, आणि नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींसाठी २०२१ मध्ये जे नियम आले, ज्यांनुसार अशा मोटारीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो, ते मोटार मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्या चेसिस, अंग वा इंजिनात भरीव बदल केलेला नसावा अशी अपेक्षा करतात. म्हणून ज्यांना असा क्रमांक घ्यावयाचा आहे त्यांनी कामाला हात घालण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे, कामाची छायाचित्रे आणि पावत्या दस्तऐवज म्हणून जपाव्यात, आणि होता होईल तो बंधने अशी योजावीत की पट्टे काढले तर मोटार जशी होती तशी दिसेल.

मूळ रूपाचा हा आग्रह मला परका नाही. आमच्या पद्मिनीच्या स्टिअरिंगचे पातळ पांढरे कडे, तिच्या मीटरची सुई, तिच्या दाराचा तो जड, भरीव आवाज यांतले काहीही बदलण्यास मी तयार होणार नाही. पण जुन्या वाड्याचे जतन करणारा माणूस त्याच्या तुळया तशाच ठेवतो आणि वायरिंग नवी घालतो, आणि त्यामुळे वाडा खोटा झाला असे कोणी म्हणत नाही. मोटार ही प्रदर्शनात काचेआड ठेवण्याची वस्तू असेल तर तिला पट्टा नको. परंतु ती रस्त्यावर न्यावयाची असेल, तिच्यात माणसे बसवावयाची असतील, तर तिच्यात बसणाऱ्याचे रक्षण हाही तिच्या मूळ हेतूचाच भाग आहे.

काम पुरे झाले त्या रविवारी माझा नातू प्रथमच पद्मिनीत बसला. पुढे नव्हे, मागे, त्याच्या उंचीसाठी मुद्दाम आणलेल्या उंच आसनावर, म्हणजे पट्टा त्याच्या मानेवरून न जाता खांद्यावरून जावा. वडगावच्या चौकात एक रिक्षा आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. माझा डावा हात गिअर सोडून आपोआप बाहेर निघाला, चाळीस वर्षांपूर्वी वडिलांचा निघत असे तसाच, आणि रिकाम्या जागेत क्षणभर थबकला. मागून खट् असा बारीक आवाज आला. मी मान वळवून पाहिले: पट्टा नातवाच्या छातीवर घट्ट उभा होता, रिक्षा निघून गेली, गाडी पुन्हा चालू लागली, आणि तो पट्टा काही घडलेच नाही अशा सहजतेने सैल होऊन त्याच्या अंगाबरोबर हलू लागला. वडिलांच्या हाताला नेमके हेच करावयाचे होते.